शह्हात हे नाव आमच्या घरात शेवटचं

आमच्या कॉलेजात माझ्या वर्षाला नऊशेच्या वर पोरंपोरी आहेत आणि त्यात शह्हात नावाचा एकही नाही. मी यादी बघितलीय. पण पूर्ण नावं वाचत गेलं, म्हणजे स्वतःचं, मग बापाचं, मग आजोबाचं, की तिसऱ्या जागेवर शह्हातच शह्हात. आजोबांच्या रांगेत ढीगभर, बापांच्या रांगेत दोनचार आणि पोरांच्या रांगेत शून्य. यादी बघताना मला एकदम रडूच आलं, कारण माझा जिद्दो, माझ्या आईचा बाप, त्याच पिढीतला एक शह्हात आहे.

शह्हात म्हणजे भिकारी. दुसरा काही अर्थ नाही, उगाच गोड करून सांगत नाही.

जिद्दोच्या आधी त्याच्या आईची पाच पोरं गेली. कुणी जुलाबात, कुणी तापात, कुणी नुसतंच. मग हा झाला तेव्हा तिने त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि अनवाणी सात घरं फिरली, प्रत्येक दारात चिंधी मागितली. त्या सात चिंध्यांचा पहिला शर्ट शिवला आणि नाव ठेवलं शह्हात. चांगलं नाव ऐकलं की मरण दारात थांबतं, आणि भिकाऱ्याच्या घरात काय मिळणार म्हणून पुढे निघून जातं, असा हिशोब. तेव्हा कूस शहराच्या अलीकडच्या आमच्या एवढ्याशा गावात अकरा शह्हात होते. लंगडा शह्हात, कालव्यावरचा शह्हात, काळा शह्हात आणि आमचा शह्हात क्रेटवाला, कारण तो खजुरीच्या दांड्यांचे क्रेट बनवतो. जमिनीवर बसून, दांडा पायाच्या अंगठ्यात धरून, लोखंडी सळईने भोकं पाडत. टोमॅटोचे, कबुतरांचे, भाकऱ्यांचे.

नंतर दवाखान्यातली बाई दारोदार जलसंजीवनीच्या पुड्या वाटायला लागली, लसी आल्या, पोरं जगायला लागली. आणि शह्हात नाव ठेवणं बंद झालं. कुणी बंद केलं नाही, गरजच संपली. मला हे फार विचित्र वाटतं, की एखादं नाव दिसेनासं झालं ही आनंदाची बातमी असू शकते.

जिद्दोला मात्र त्या नावाने आयुष्यभर छळलं. शाळेत मास्तर हजेरी घेताना म्हणायचे, "शह्हात! हात पुढे कर, काय हवंय?" आणि अख्खा वर्ग खिदळायचा. सैन्यात तेच. म्हणून हा माणूस असा झाला की कुणाकडे काही मागणारच नाही. चहात साखर कमी असली तर तसाच पिणार. शेजारी कोयता पडलेला असेल तरी "जरा दे" म्हणणार नाही, उठून स्वतः घेईल. आजी होती तेव्हा वैतागायची, "अहो, मीठ माग म्हटलं तरी हा माणूस अळणी जेवून उठतो!"

आता खरी गोष्ट. हस्सान मामाला या वर्षी मुलगा झाला. त्याच्या आधीची दोन्ही गेली होती. पहिलं तीन दिवसांत, दुसरं चार महिन्यांचं होऊन, त्याच्या काळजाला भोक होतं. या दोघांना पुड्यांचा काही उपयोग नव्हता. तिसरा झाला आणि इन्शिराह मामी दवाखान्यातून आल्या आल्या, अजून पाय पुसले नव्हते, म्हणाली, "याचं नाव शह्हात."

जिद्दोच्या हातातली सळई खाली पडली. "नाही."

"का नाही बाबा? तुम्ही जगलात की."

"मी जगलो ते वेगळं. पोरी, तुला माहीत नाही हे नाव घेऊन शाळेत जाणं काय असतं."

"आधी शाळेपर्यंत जाऊ दे ना त्याला!"

मामा मधे पडला, "अगं, इयाद हस्सान शह्हात असंच होणार ना पूर्ण नाव? बाबांचं नाव आहेच मागे."

"मागचं नाव मरणाला ऐकू जात नाही," मामी म्हणाली. "दारात हाक मारतात ती पहिल्याच नावाने."

सहा दिवस घरात हेच. मामी बाळाला नाव घेऊन बोलवेना, नुसतं "हा". आणि जिद्दो बाळाला मांडीवर घेईना. मी विचारलं तर म्हणाला, "मी नाही म्हटलं आणि उद्या काही झालं, तर? आणि हो म्हटलं तर रोज त्याला माझ्यासारखं जगायला लावायचं. सांग, तू शिकलेली आहेस." शिकून यातलं काही कळत नाही.

सातव्या दिवशी दुपारी बाळाची सबूआ, म्हणजे आमच्याकडचं बारसं. माझ्या आईने पितळी खलबत्ता बाळाच्या कानाशी दणादण वाजवला, "आईचं ऐक, बापाचं ऐकू नको!" बायका हसल्या. बाळाला चाळणीत घालून हलवलं, मीठ उडवलं. मग मेणबत्त्या. तीन, एकाच उंचीच्या, ताटात. एक इयाद, मामाची. एक बह्जत, आईची. एक शह्हात, मामीची. शेवटपर्यंत जळेल तेच नाव, यावर आमच्याकडे वाद चालत नाही.

पंखा बंद केला. उकाड्याने जीव चालला होता पण कुणी हलेना. बह्जत सगळ्यात आधी विझली, आई "जाऊ दे" म्हणाली. मग इयाद आणि शह्हात, दोघी बुटक्या झालेल्या. मामी श्वास धरून बसलेली. जिद्दो उंबऱ्यात, आत न येता. इयादची वात वाकली, मेणात पडली, धूर आला. शह्हात जळतच होती.

अशा वेळी बायका करतात तसा आनंदाचा गलका मामीने केला नाही. ती नुसती रडायला लागली, सुटल्यासारखी. आई म्हणाली, "झालं तर मग. शह्हात."

"थांबा," जिद्दो म्हणाला. पहिल्यांदा आत आला. "मेणबत्तीने कुणाचं नाव काढलं?"

"तुमचंच की," मामा म्हणाला.

"माझंच ना? मग काम मलाच सांगितलंय. या घरात शह्हात एक आहे, तो जातो. पोराला त्यात ओढू नका." आणि मामीकडे वळून एकदम हळू आवाजात, "इन्शिराह, मी त्याच्यासाठी सात दारं मागितली तर चालेल तुला? शर्ट तोच होईल. नाव तेवढं त्याला दुसरं राहू दे."

चिंध्या आईने मागायच्या असतात. सत्तरीतला माणूस, तोही हा, दारोदार? मामीने डोळे पुसले. "तुम्ही? मागाल?"

"बघ तरी."

मी सोबत गेले, कुणी सांगितलं नव्हतं, पायच निघाले. पहिलं घर शेजारच्या म्हाताऱ्या हज्जा फिक्रियाचं. ती दारातच मुलुखियाची पालेभाजी निवडत बसलेली. "काय रे शह्हात, नातवाची सबूआ सोडून इकडं कुठं?"

जिद्दो उभाच. ओठ हलतायत, आवाज नाही. मला वाटलं आता वळतो घरी. मी बोलणार होते त्याच्यासाठी, तेवढ्यात तो म्हणाला, "कापड दे."

"कसलं कापड? किती?"

"चिंधी. मागायला आलोय. पोरासाठी मागतोय."

फिक्रिया आधी फसकन हसली. "तू? अरे, पोराच्या लग्नात भाकरी संपली तेव्हा सुद्धा तू..." आणि मग तिला कळलं. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे भरले. मुलुखिया बाजूला सारून आत गेली, आणि तिच्या नव्या कोऱ्या निळ्या झग्याची बाही टरकन फाडून घेऊन आली.

"अगं, जुनं दे काहीतरी!"

"मागणाऱ्याने बोलायचं नसतं. पुढच्या दाराला जा!"

दुसऱ्या दारात त्याने लगेच सांगितलं. चौथ्यापर्यंत त्याची मान वर आली होती. सहाव्या घराच्या तर कोपऱ्यावरूनच ओरडायला लागला, "अगं ए, कुणी आहे का घरात? शह्हात आलाय, द्या काहीतरी!" आणि आतून बायका, "आले रे आले, जरा दम धर, जन्माचा भुकेला!" इतका मोकळा हसताना मी त्याला कधी पाहिला नव्हता. मला राग पण आला, की साठ वर्षं हा माणूस कमी साखरेचा चहा का प्यायला.

घरी आल्यावर चिंध्या मामीच्या ओटीत टाकल्या. तिने एकेक उचलून नाकाला लावली, कोणत्या घरची ते बघितलं. मग सुई मागितली. शिवता शिवताच, मान वर न करता म्हणाली, "इयाद लिहा कागदावर." आणि मग जिद्दोने बाळाला उचललं.

जूनमध्ये इयादला ताप आला होता, दोन दिवस. मामीने डॉक्टरचं औषध पण दिलं आणि तो रंगीबेरंगी शर्ट पण काढला नाही, आणि जिद्दो दोन्ही दिवस दारात बसून होता, एकही क्रेट केला नाही. उतरला ताप. औषधाने की शर्टाने हे मी मामीला विचारलं नाही.

परवा फोन केला तर मामी म्हणाली, "अगं, शर्ट गळ्यात अडकतोय, पोरगं फुगलंय नुसतं, आता काय करू?" मागून जिद्दो ओरडत होता, "फाडू नकोस! मोठा शिव! कापड कमी पडतंय का? मी परत जातो, सांग तिला, परत जातो मी!"