खारफुटीतली नर्मदा

जबलपूरच्या कॉलेजात मी मृदाशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मालतीताई देशकरांनी माझं नावही न विचारता माझ्या चपलेचा चिखल नखानं खरवडला आणि बोटांत चोळला. "सिहोऱ्याकडून येऊन राहिल्या काय तुम्ही?" मी खरंच सिहोऱ्याच्या बसमधून उतरले होते. ताई माझ्या वरिष्ठ, मूळच्या नागपूरच्या. यजमान इथल्या तोफांच्या कारखान्यात. "माती आधी हाताले विचारा, मग पुस्तकाले," हे त्यांचं पालुपद.

त्यांना वेड होतं नर्मदेच्या मुखाशी असलेल्या खारफुटीचं. पुराचं पाणी आपली काळी माती घेऊन निघतं. जाड वाळू वाटेतच बसते. बारीक गाळ समुद्रापर्यंत जातो, खाऱ्या पाण्यात त्याचे कण एकमेकांना चिकटतात आणि तिवरांच्या मुळांत थर धरतात. हे सांगताना त्यांचे हात थांबत नसत. पण डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, तेच त्यांना सलायचं.

जायचं ठरलं तेव्हा लढाई तोंडावर आली होती. कारखान्यात दुहेरी पाळ्या, यजमानांची सुटी रद्द. समुद्राकडे आत्ता जाऊ नका, असं जो तो सांगत होता. यजमान एवढंच म्हणाले, "तू जाय. लढाईसाठी नदी थांबून नाही राहणार." मग आम्ही दोघीच निघालो.

मुखाशी पोचलो आणि ओहोटी लागताच साडी खोचून ताई गुडघाभर चिखलात शिरल्या. खाडीच्या काठाशी बोटांना वाळू खरखरत होती. झाडांकडे सरकावं तसा गाळ लोण्यासारखा होत गेला. मुळांशी त्यांनी मूठभर उचलला, अंगठ्यानं दाबला. त्याची पट्टी न तुटता लांबत गेली, म्हणजे गाळ अगदी बारीक. त्यांचे डोळे भरून आले होते.

परतताना स्टेशनात एका पोलीस शिपायानं आमची नमुन्यांची थैली उघडली. करड्या चिखलाचे बंद डबे पाहून तो बिथरला. हेरांच्या अफवा तेव्हा रोजच्याच. डबे फेकून द्या, म्हणाला. मी विनवण्या करू लागले. ताईंनी मात्र त्याचं गाव विचारलं. ते नर्मदेच्या काठचंच निघालं. त्यांनी एक डबा उघडून त्याच्या तळव्यावर चिमूट ठेवली. "भैया, ये आपके खेत की भी हो सकती है. बाढ़ में बहकर यहाँ तक आती है." तो बराच वेळ ती माती चोळत राहिला. मग त्यानंच थैलीचं तोंड बांधलं आणि ती गाडीत नेऊन ठेवली.

प्रयोगशाळेत आम्ही नमुन्यांतलं मीठ धुऊन काढलं आणि ते उंच काचपात्रांत ढवळून ठेवले. काठाकडची वाळू बघता बघता तळाला गेली. मुळांजवळच्या मातीचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच. ताई वर्गावर्गांतून मुलींना हाताला धरून दाखवायला आणत होत्या.

पुढे यजमानांची बदली झाली. निघताना ताई म्हणाल्या, "पोरींले तिकडे घेऊन जाजा." पुढच्याच हिवाळ्यात मी नेलं. एक मुलगी गुडघ्यापर्यंत रुतली आणि ओहोटी संपत आली तरी बाहेर यायला तयार होईना. तिथल्याच तारघरातून मी ताईंना तार केली: सगळ्या चिखलात, सुखरूप.

जबलपूरला परतले तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं: अजून आत जा.