कांद्याचं सूप, गरम असताना

नागावला आमच्या वाडीतल्या मागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. स्वयंपाक आई करते. मी खिडकीतून ताटं पुढे सरकवते आणि मागे होते. बाहेर जाऊन बोलायचं काम माझं नाही, हे आमच्यात न बोलताच ठरलेलं आहे.

एका पाहुणीचं इंग्रजी पुस्तक उशीखाली राहिलं. फोन केला तर म्हणाली, तुलाच राहू दे. पॅरिसच्या कुठल्याशा ब्रासरीतले, म्हणजे दिवसभर उघड्या असणाऱ्या मोठ्या खाणावळीतले पदार्थ होते त्यात. फोटोंत पितळी कठडे, भिंतभर आरसे आणि टेबलाशी एकेकट्या बसलेल्या बायका. निवांत, कोणाला काही वाढायचं नसल्यासारख्या. दुपारी पोफळींतून येणारं ऊन पानांवर हलायचं, आणि वाटायचं, त्या आरशांत आत्ता आमचं स्वयंपाकघर दिसेल.

कांद्याच्या सुपाखाली लिहिलं होतं, ओव्हनमधून काढल्या काढल्या खावं. मला आई आठवली. ती सगळ्यांच्या मागून जेवते, गार झालेलं. बसते तीही एक गुडघा वर करून, हाक आली की उठायला बरं. एकदा तरी तिनं हे गरम असताना, बसून संपवावं, एवढंच मला हवं होतं.

पाहुणे जेवून समुद्रावर गेल्यावर मी माळेतले पांढरे कांदे सोडवले.

"अगं बाय, हा कांदा कोणी शिजवतं का? हा बुक्कीने फोडून खायचा," आई म्हणाली.

"पुस्तकात आहे."

"त्यांना कोणी सांगितलं नसेल."

मंद आचेवर कांदे आधी ओल्या काचेसारखे झाले, मग हळूहळू वाळल्या झावळीच्या रंगाचे. उग्र वास गोड होत गेला. मी ढवळत राहिले. पुस्तकातला पितळी कठडा हाताला लागतोय असं वाटत होतं, आणि लांबून समुद्राचा आवाजही येत होता. वाईनऐवजी चमचाभर कोकमाचं आगळ घातलं, मग कालच्या कोंबडीच्या हाडांचं पाणी. वर तव्यावर कडक केलेला पाव आणि चीज. छोट्या ओव्हनच्या काचेतून चीज फुगताना आई वाकून बघत होती.

"बस," मी वाडगा टेबलावर ठेवत म्हणाले.

"तुझे बाबा येऊ देत."

"बाबा अलिबागहून संध्याकाळी येणार. बस ना."

ती खुर्चीवर बसली. चमच्यानं वरचा पापुद्रा फोडला, तशी वाफ तिच्या चष्म्यावर बसली. तिनं चष्मा काढून ठेवला.

"ही तर कांदा-भाकरच की. बुडवलेली."

"पण बरी झालीय का?"

"गप. खाऊ दे."

तेवढ्यात ओटीवरून हाक आली, "काकी, चहा मिळेल का?"

आईचा चमचा खाली गेला. खुर्ची सरकली. मी नेहमीसारखी एक पाऊल मागे झाले होते. मग तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मीच बाहेर गेले.

पायरीवर ओल्या केसांचे, वाळूभरल्या पायांचे पाहुणे बसले होते.

"किती कप?" आवाज अगदी बारीक आला. "थोडा वेळ लागेल. आई जेवतेय."

"हो, हो, सावकाश," त्यातली एक म्हणाली आणि केस पिळू लागली.

एवढंच. मी लगेच आत गेले नाही. ओटीच्या खांबाला टेकून उभी राहिले. आतून वाडग्याच्या कडेचं करपलेलं चीज खरवडल्याचा आवाज येत होता. तो थांबेपर्यंत मी चहा ठेवला नाही.