आधी कर्ज, मग बाकीचं

"वाकून वजन उचलू नका, पाठ जपा," असं दिवसभर लोकांना बजावणारी ही बाई स्वतः मात्र आडदांड पेशंट खांद्यावर पेलून उभे करायची आणि घरी आली की भिंतीला पाठ टेकून जमिनीवरच बसकण मारायची. फिजिओथेरपिस्ट म्हणे! शिकायला कर्ज काढलं, आणि ते फेडायला इस्पितळात रोज दोन-दोन पाळ्या धरल्या. कंबरेचा पार भुगा झाला होता.

आता मात्र सुटका जवळ आली होती. पै-पै करून साठवलेली शिल्लक बँकेत भरली की कर्ज संपत होतं. मग दुसरी पाळी सोडायची आणि पोटभर झोपायचं. तिशीतल्या बाईचं स्वप्न काय, तर झोप!

कर्जाला जामीन वडील. शिंपी माणूस, जिभेने तिखट. चष्म्याचा नंबर तपासा म्हटलं की "आधी कर्ज." पंखा बदलू म्हटलं तरी "आधी कर्ज." घरातली आत्या म्हणायची, "दादा, उद्या यम दारात आला तर त्यालाही हेच सांग हो."

बँकेत जायच्या आदल्या दिवशी तिने कामावरचा पांढरा कोट बाही शिवायला त्यांच्याकडे दिला. सकाळी बघते तर बाहीवर पिवळट दोरा!

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? पांढऱ्याला पांढरा घातलाय."

रंगाच्या छटा नुसत्या नजरेने जुळवण्यात ज्याचा जन्म गेला, तो माणूस हे बोलत होता. वडील कोट घेऊन खिडकीपाशी गेले, उलटसुलट करून पाहिला, बोट फिरवलं. मग पडलेल्या आवाजात म्हणाले, "टाके तरी सरळ आलेत ना?"

आत्याला राहवेना. "मोतीबिंदू आहे गं, दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी कधीच ऑपरेशन सांगितलंय. दादाने मला शपथ घातली होती."

"जळ्ळं ते कर्ज!" ती ओरडलीच.

"ओरडू नकोस. बँकेत जा आधी. वर्षभर काढतो मी."

खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला ते पटलं. वर्षाने असं काय बिघडणार होतं? तिला झोप हवी होती, बाकी काही नको होतं. तेवढ्यात वडील बाही उसवायला बसले आणि कात्री सरळ बोटात घुसली. तिने बोट बांधलं, कोट काढून घेतला आणि बँकेऐवजी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

दोन ऑपरेशनं आणि तोवर बंद राहणाऱ्या त्यांच्या शिलाईच्या दुकानाचं भाडं, यात शिल्लक संपल्यातच जमा होती. कर्जाचे हप्ते तसेच राहिले, दुसरी पाळीही.

पहिल्या डोळ्याची पट्टी काढली तेव्हा ती पाळीवरून थेट दवाखान्यात आली होती. वडिलांनी डोळा किलकिला केला. आत्याला म्हणाले, "तू म्हातारी झालीस की गं!" मग शेजारच्या खुर्चीतल्या लेकीकडे वळले.

"तुझे केस कधी पांढरे झाले?"

"झाले मधे कधीतरी."

त्यांनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माझं पोर ते! किती दमलीस गं तू. आज दुसऱ्या पाळीला नको जाऊस."

"हप्ता तारखेला भरावा लागतो, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांचे हात गालांवर असतानाच, बसल्या जागी तिला झोप लागली.