तिसऱ्यांदा भेटलेले दोन संघ

"तुमचा विजेता चुकलाय," लुकास फोनवर म्हणाले.

दुपारचे चार वाजले होते. सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसातल्या छोट्या मीटिंग रूममध्ये मी आणि माझा बॉस डेस्मंड स्पीकरफोनसमोर बसलो होतो. लुकास म्हणजे युरोपातल्या एका देशाच्या फुटबॉल संघटनेचं आर्काइव्ह सांभाळणारे साठीतले गृहस्थ. देशाचं नाव सांगत नाही, करारात तशी अट होती. बोलणं सगळं इंग्रजीत चालायचं, इथे मराठीत देते.

आमचं काम थोडक्यात सांगते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्या देशात जी सर्वोच्च फुटबॉल लीग खेळली गेली, तिचे सगळे निकाल जुन्या वर्तमानपत्रांतून काढून वेबसाइटवर आणायचे. टायपिंग दुसऱ्या कंपनीने केलं होतं. आलेला डेटा तपासून स्वच्छ करणं हे माझं काम. या कामाला डेटा क्वालिटी म्हणतात. पुण्याला आईला सांगताना मी 'निवडणं-टिपणं' म्हणायचे. तांदळातले खडे काढायचे, दुसरं काय.

लुकास ज्या हंगामाबद्दल बोलत होते, त्यात दोन संघ सारख्याच गुणांवर संपले होते. एक बंदरावरचा श्रीमंत क्लब, दुसरा गिरणीगावातला. आमच्या सिस्टिमने गोलफरक बघून, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून, बंदरवाल्यांना पहिला नंबर दिला होता.

"तेव्हा गोलफरक नव्हताच," लुकास म्हणाले. "गुण सारखे झाले की तिसऱ्या गावात आणखी एक सामना व्हायचा. तो गिरणीवाल्यांनी जिंकला. दोन-एक."

"चूक दुरुस्त करू," डेस्मंड म्हणाला. "लाँच उद्याच आहे ना?"

"उद्या सकाळी दहाला." म्हणजे आमचे संध्याकाळचे पाच. लुकास पुढे म्हणाले, "त्या क्लबने आयुष्यात ही लीग एकदाच जिंकली आहे. त्यांच्या तेव्हाच्या गोलकीपरची मुलगी उद्या येणार आहे. व्हीलचेअरवरून. पहिलं पान तिच्या हातून उघडायचं ठरलंय. तिने कोणतं पान निवडलंय, ते सांगायला नको."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. कारण तो सामना कुठे गेला असेल, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

एकच सामना दोन-तीन वर्तमानपत्रांत छापून यायचा. टायपिंगवाल्यांनी तो तितक्या वेळा भरला होता, आणि तारखा छापून आलेल्या दिवसाच्या घातल्या होत्या. शनिवारचा सामना एका पेपरात रविवारी, दुसऱ्यात सोमवारी. त्यामुळे तारखेवर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. मग मी एक रूल लिहिला. हंगामात दोन संघ दोनदाच भेटतात, एकदा याच्या मैदानावर, एकदा त्याच्या. तिसरी नोंद आली की ती डुप्लिकेट, काढून टाकायची. तीन ओळींचा रूल, एका झटक्यात हजारो नोंदी साफ. मी तो सगळ्या टीमला कौतुकाने दाखवला होता. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसताना. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

"चूक माझ्या रूलची आहे," मी फोनवरच सांगितलं.

डेस्मंडने फोन म्यूट केला. "तो एक सामना हाताने भर. पाच मिनिटांचं काम."

"तो भरीन. पण रूल सगळ्या हंगामांवर चाललाय. असे आणखी किती सामने गेले, ते कसं कळणार?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. टायपिंगवाल्यांनी करारानुसार मूळ फायली पुसून टाकल्या होत्या. पुन्हा टाइप करायचं तर तीन महिने. आणि उद्या कुठल्याशा दुसऱ्या क्लबच्या माणसाने आपला हरवलेला सामना शोधला, तर हा क्लायंट गेला. क्लायंट गेला की आमची चार जणांची टीम गेली. माझ्या एम्प्लॉयमेंट पासचं रिन्युअल दोन महिन्यांवर होतं. इथे नोकरी गेली की पास जातो आणि महिन्याभरात गाशा गुंडाळावा लागतो. मुलीची सहावीची परीक्षा, इथली बोर्डाची, तोंडावर होती, ती शाळा सोडून तिला कुठे नेणार? मला खरंच भीती वाटली.

"काढून टाकलेल्या नोंदी असत्या तर," डेस्मंड स्वतःशीच म्हणाला. "पण सर्व्हरवर जागा नाही म्हणून मीच तुला त्या डिलीट करायला सांगितलं."

मी घसा साफ केला. "डेस्मंड, त्या आहेत."

"आहेत म्हणजे?"

"मी डिलीट केल्या नाहीत. 'अडगळ' नावाच्या टेबलमध्ये ठेवल्यात."

"मी तुला मार्चमध्ये सांगितलं होतं. तू ओके म्हणालीस."

"ओके म्हणाले. केलं, असं नाही म्हणाले."

माझ्या घरी श्रीखंडाचा रिकामा डबासुद्धा टाकला जात नाही. लागेल कधीतरी, म्हणून माळ्यावर जातो. माळा नसलेल्या सिंगापूरच्या फ्लॅटमध्येही मी तसे सतरा डबे जपून आहे. नोंदी टाकून द्यायच्या म्हटल्यावर हात धजावला नाही, एवढंच. दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

डेस्मंड म्हणाला, "याबद्दल नंतर बोलू. आधी ते टेबल उघड, लाह." वाक्याला असं 'लाह' जोडायची इथली सवय.

आता प्रश्न होता, त्या हजारो नोंदींतला खरा तिसरा सामना ओळखायचा कसा. तारखा चुकीच्या असल्या तरी दोन-तीन दिवसांनीच चुकल्या होत्या. जादाचा सामना मात्र हंगाम संपल्यावर, काही आठवड्यांनी होणार. म्हणून मी सिस्टिमला विचारलं, की ठेवलेल्या दोन्ही सामन्यांपासून आठवड्याहून लांब असलेल्या नोंदी दाखव. अकरा आल्या.

पहिलीच गिरणीवाल्यांची होती. दोन-एक. माझा जीव भांड्यात पडला, पण अर्धाच.

फोनचं म्यूट काढून उरलेल्या दहा मी एकेक करून लुकासना वाचून दाखवल्या. ते जाड वही उघडून बसले होते. मी संघ सांगायचे, ते पानं उलटायचे, पानांचा आवाज आम्हाला ऐकू यायचा. "नाही, टायपिंगची चूक." "नाही." "नाही." नवव्याला ते थांबले. "हा खरा आहे. खालच्या लीगमध्ये कोणी जायचं, ते ठरवायला झाला होता. अरे, हा तर मीसुद्धा विसरलो होतो." अकरावीही चूकच निघाली.

दोन सामने परत घातले, रूल बदलला, सगळे हंगाम पुन्हा चालवले. लुकासच्या वहीतल्या विजेत्यांशी एकेक वर्ष ताडून बघितलं. सगळी जुळली. साडेसात वाजता मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसले तेव्हा एकटीच हसत होते.

दुसऱ्या दिवशी पाचला आम्ही लुकासच्या व्हिडिओ कॉलवर लाँच पाहिलं. आजीबाईंनी पान उघडलं. चष्मा पुसून गुणतक्त्याची पहिली ओळ वाचली, मग खालच्या सामन्याच्या नोंदीत वडिलांचं नाव शोधलं. बराच वेळ बोट तिथेच होतं. मग त्या आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" मी लुकासना विचारलं.

"म्हणाल्या, बरोबर आहे. आणि आता चहा द्या."

माझे डोळे भरून आले. डेस्मंडने शहाण्यासारखं खिडकीबाहेर बघितलं.

'नंतर' शुक्रवारी उजाडलं. खाण्याच्या स्टॉलांनी भरलेल्या हॉकर सेंटरमध्ये चिकन राइसची ताटली पुढे ओढत डेस्मंड म्हणाला, "पुढच्या वेळी माझं ऐकणार नसशील तर तसं सांग. ओके म्हणू नकोस."

"ओके," मी म्हणाले. तो हसला नाही. पण पासच्या रिन्युअलचा अर्ज त्याने त्याच आठवड्यात पाठवला, आणि दर प्रोजेक्टला एक अडगळ टेबल ठेवायचं असा नियमही काढला.

पुढे इतकी वर्षं याच कामात काढली. अजूनही कोणी काही कायमचं डिलीट करायला सांगितलं, तर मी ओके म्हणत नाही. उद्या करते म्हणते, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणते.