बाळाच्या वतीने

शिंपीणमावशी संस्थेत आली ती बंड्या शिवायला. दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या बंड्या, छातीवर खिसा, खिशात काडेपेटीएवढं आवाज टिपणारं यंत्र. मूल दिवसभर ती घालून घरात हुंदडायचं आणि त्याच्या कानावर पडलेलं सगळं यंत्रात जमा व्हायचं. मूल बोलायला कसं शिकतं, हे शोधणारी ही संस्थेतली विद्वान मंडळी. इतकी वर्षं त्यांनी ऐकलं कोणाला, तर मोठ्या शहरांतल्या, चार मोठ्या भाषांतल्या मुलांना. बाकीची मुलं जणू मुकीच जन्मली होती!

संस्थेत नव्याने आलेल्या संशोधक बाईंनी हे बदलायचं मनावर घेतलं. डोंगरापलीकडच्या बारा घरांत बंड्या गेल्या. मावशी मूळची तिकडचीच; तिथली बोली संस्थेत एकट्या तिला येत होती, म्हणून हेडफोन तिच्या कानांवर चढले. ऐकायचं आणि लिहायचं. ओळखीचा आवाज आला की तिथेच थांबून रेकॉर्डिंग परत करायचं. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही.

आठवड्याने बाई वही घेऊन आल्या. 'बाळाशी बोललेली वाक्यं' हा रकाना जवळजवळ कोरा.

"मावशी, या मुलांशी कोणी बोलतच नाही का हो?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बोलत नाही कसं? घरभर तेच चालू असतं! आमच्यात बाळाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बडबडत नाहीत. त्याला मांडीवर लोकांकडे तोंड करून बसवतात आणि त्याच्या वतीने बोलतात. 'काका, निघालात कुठे?' हे बाळच विचारतं म्हणायचं."

बाईंनी 'बाळाच्या वतीने बोललेली वाक्यं' असा नवा रकाना आखला. दोन दिवसांत तो भरून वाहायला लागला.

सातव्या रेकॉर्डिंगमध्ये कोणीतरी हसलं आणि मावशीचा हात थबकला. तिची लेक होती ती. तिने मावशीच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून बोलाचाल बंद. चार वर्षं. मावशी हट्टाला पेटली, लेकही तिचीच. नातू झाल्याचं कोणी कळवलंही नव्हतं.

आता थांबायला हवं होतं. बटणावर बोट होतं, पण दाबवेना. त्या आवाजासाठी तिचा जीव किती तुटत होता, हे तिचं तिलाच आज कळलं.

शेजारीण विचारत होती, "हनुवटी कोणाची रे घेतलीस?"

लेक बाळाच्या वतीने म्हणाली, "आजीची! आजी मला बघायला कधी येणार, ते विचारा ना तिला कोणीतरी."

मग बाळ काहीतरी बोबडं बोललं. त्यातलं एक अक्षरही मावशीला कळलं नाही, आणि तिने यंत्र बंद केलं.

ती तडक बाईंच्या खोलीत गेली. "हे दुसऱ्या कोणाला द्या. माझ्या मुलीचं घर आहे."

"ऐकलंत का काही?"

"ऐकलं. थांबायला उशीर झाला, चूक माझी."

बाई अवघडल्या. "मावशी, ते तुम्हाला बाहेर बोलता येणार नाही. तिलासुद्धा नाही."

"नाही बोलणार." मावशीने पदराने डोळे टिपले. "मला आठ दिवसांची रजा हवी."

"कशासाठी?"

"लेकीकडे जायचंय. ऐकलं म्हणून नाही हो. हे तर मी चार वर्षांपूर्वीच करायला हवं होतं."