समोरच्या घरचं बिऱ्हाड

अमेरिकेतल्या एका उपनगरात मेपल कोर्ट नावाची गल्ली होती, तिथली माणसं व्हर्ना लिंडक्विस्टला 'आमची स्वागत समिती' म्हणत. नव्या बिऱ्हाडाच्या दारातून सामानाचा ट्रक हलला, की तासाभरात ही बाई भट्टीतून काढलेला टूना माशाचा गरम कॅसरोल घेऊन हजर. नऊ वर्षांत एकही घर चुकलं नव्हतं. घरं सगळी एका साच्यातली, हिरवळ सगळ्यांची सारखी कापलेली, आणि इथे वाईट माणूस राहतच नाही अशी तिची पक्की समजूत. भोळी होती बिचारी. की सोयीपुरती भोळी, देव जाणे.

१९५७च्या ऑगस्टमधल्या एका शनिवारी समोरच्या घरात टॉलिव्हर कुटुंब आलं. व्हर्नाने ट्रक पाहिला, माणसं पाहिली नाहीत. दार ओडेसा टॉलिव्हरने उघडलं, कडेवर पोर घेऊन. काळी बाई! सगळ्या गोऱ्यांच्या मेपल कोर्टमध्ये! व्हर्ना चपापली.

"अहो, आत या ना. हात भाजेल तुमचा," ओडेसा म्हणाली.

व्हर्ना आत गेली आणि चांगला अर्धा तास बसली. ओडेसा इस्पितळात नर्स होती. नवऱ्यांच्या घोरण्यावरून दोघी पोट धरून हसल्या.

"काही लागलं तर हाक मारा. समोरच तर आहे मी," निघताना व्हर्ना म्हणाली.

बाहेर शेजारची डोरीन वाटच पाहत होती. "अगं बाई, जेवण दिलंस त्यांना? ओळख दाखवायची नाही असं मीटिंगमध्ये ठरलं होतं ना!"

"कुठली मीटिंग?"

"तुझ्याच तळघरात झाली की, मंगळवारी! तू चर्चच्या शिवणमंडळाला गेली होतीस ना, तेव्हा. तुझ्या ऑर्विलनेच बोलावलं सगळ्यांना."

व्हर्ना तशीच घराकडे वळली. तिचा नवरा? आणि तिलाच पत्ता नाही?

साडेपाचला पुरुषमंडळी समोरच्या हिरवळीवर जमली. घडीच्या खुर्च्या, बिअर, सहलीचाच थाट. मग दगड सुरू झाले. रविवारी चर्चमध्ये दानाचं ताट फिरवणाऱ्या ऑर्विलने दगड उचलला, नेम धरला, आणि खिडकी फुटली. व्हर्ना पडद्याआडून पाहत होती. तिला ओरडायचं होतं, पण तिने पडदा आणखी ओढून घेतला.

ऑर्विल घरी आला आणि शीळ घालत हात धुऊ लागला. तेवढ्यात पुढचं दार वाजलं.

"मिसेस लिंडक्विस्ट, उघडा हो! पोराला काच लागलीय. आमचा फोन अजून जोडलेला नाही."

"कोण आहे गं?" नळ चालू ठेवूनच ऑर्विलने विचारलं.

व्हर्नाचा हात दाराच्या मुठीवर होता.

"कोणी नाही," ती म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकून ती हादरली. तरी तिने दार उघडलं नाही.