मानपत्रातला चहा

ज्या कागदाबद्दल लिहायला बसले आहे तो मीच भर सभेत वाचला. स्पष्ट उच्चारात, शेवटच्या ओळीपर्यंत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी दुसऱ्यांवर तोंड टाकेन तेव्हा कुणाला असं वाटायला नको की मी आपली बाजूला उभी होते.

आमच्या कॉलनीत गाण्याचा क्लब आहे. दर गुरुवारी पाच ते सात कॉलनीच्या हॉलमध्ये हौशी माणसं जमतात आणि जुनी गाणी म्हणतात. हा क्लब नऊ वर्षांपूर्वी आक्कांनी काढला. आक्का एका शाळेत शिपाई होत्या. घंटा वाजवणं, वर्ग झाडणं, साहेबांच्या टेबलावर पाणी ठेवणं यात त्यांची नोकरी गेली. पण पेटी अशी वाजवायच्या की हॉलच्या बाहेर भाजी घ्यायला थांबलेली माणसं पिशवी हातात धरून तशीच उभी राहायची. शिकल्या त्या वडलांच्या, म्हणजे त्यांच्या दादांच्या, पाठीमागं उभं राहून. वडील गावच्या भजनात पेटीला बसायचे आणि भजनात बायकांना बसायची सोय नव्हती. पोरगी म्हणून भाता मारायला तेवढी परवानगी.

सगळे त्यांना मावशी म्हणायचे. मी आक्का म्हणायचे, कारण शाळेतल्या शिपाई बाईला सगळं जगच मावशी म्हणतं आणि त्यात मला मान दिसत नाही.

मी मुरगूडकडची. आमच्या घरात पहिली पदवी माझी. माझा पदवीदानाचा फोटो माझ्या आईनं देव्हाऱ्याच्या भिंतीवर लावला आहे आणि सणाला त्यालाही कुंकू लागतं. बँकेत नोकरी करते, लिहिते बरं, बोलते स्वच्छ. या गोष्टींचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण पहिल्यांदा क्लबात गायला उभी राहिले तेव्हा दुसऱ्याच ओळीत आवाज फाटला. समोर निवृत्त अभियंते, डॉक्टरीणबाई, प्राध्यापक. मला वाटलं, आता चपला घालाव्यात आणि निघावं.

आक्कांनी भाता थांबवला. "बस, बस, पळू नगंस. चूक तुजी न्हाय, माजी हाय. मीच तुला वरच्या पट्टीत घातलं."

मग त्या दोन सूर खाली आल्या आणि म्हणाल्या, "आता म्हण. माणूस लाजलं की त्याचा गळा वर पळतोय. खाली ये, हितं तुजं घर हाय."

त्या दिवशी माझं गाणं पुरं झालं. असं एकेकाचं घर त्यांनी शोधून दिलं होतं. कुणाचा आवाज कुठं खुलतो, कुठं चिरतो, सर्दी झाली की किती खाली घ्यायचं, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. अभियंतासाहेबांना वाटायचं की आपण फार उंच पट्टीत गातो. आक्का गुपचूप खाली वाजवायच्या आणि साहेब खुशीत घरी जायचे.

क्लबाचा एक नियम होता, पेटीवाल्यानं सगळ्यात शेवटी म्हणायचं. ऐकायला चांगला नियम. पण सातला वॉचमन कुलूप घेऊन यायचा आणि पावणेसातला कुणाला तरी "अजून एकच" म्हणायचं असायचं. नऊ वर्षांत आक्कांची पाळी एकदाही आली नाही. आम्ही सगळे गायलो, दर गुरुवारी गायलो, आणि जिनं आम्हाला गायला लावलं तिचा आवाज कसा आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मलाही नाही.

यंदा गुडघे गेले. आक्का दुसऱ्या मजल्यावर राहायच्या, जिना उतरवेना. लेकीनं सांगितलं, हातकणंगल्याला ये, आमचं घर खालीच आहे. दिवाळीनंतर जायचं ठरलं. क्लबानं ठरवलं, दिवाळीचा फराळ आणि आक्कांचा निरोप एकाच रविवारी करायचा, दुपारी चार ते सात.

त्याच्या पंधरा दिवस आधी मी त्यांच्या घरी गेले होते. गुडघ्याला तेल लावत बसल्या होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "ह्या बारीला मला म्हणायचं हाय बग. आमच्या दादांचं एक भजन. गावात कुणी म्हणू दिलं न्हाय. हितं तरी एकदा समद्यांच्या म्होरं म्हणावं."

"अहो, त्यात काय आक्का! सूत्रसंचालन माझ्याकडंच आहे. तुमचं नाव मी पुकारणार म्हणजे पुकारणार."

"बग हं. तुज्यावर हाय."

"सोडा की काळजी."

मानपत्रही मीच लिहिणार होते. दोन दिवस घातले त्यात. प्रत्येकाची पट्टी ओळखणारी गुरू, असं लिहिलं. भाता मारण्यापासून शिकलेली, असं लिहिलं. छापून चौकटीत बसवायला अध्यक्षांकडं पाठवलं. अध्यक्ष म्हणजे तेच अभियंतासाहेब. ते क्लबात तिसऱ्या वर्षी आले. मग क्लबाची नोंदणी झाली, बॅनर झाला, समिती झाली. समितीत आक्कांच्या नावापुढं 'व्यवस्थापक' असं आलं. आक्का हसल्या होत्या, "म्हंजे काय करायचं असतंय?" साहेब म्हणाले होते, "तुम्ही करता तेच."

रविवारी मी साडेतीनलाच गेले. पेटी आक्कांनी रिक्षातून आणली होती. पण हॉलमध्ये पेटीची नेहमीची जागा रिकामी आणि तिथं दोन मोठे स्पीकर. पेटी कोपऱ्यात, चकल्यांच्या डब्यांखाली, पेटाऱ्यातच बंद.

साहेब म्हणाले, "आज मावशींना पूर्ण विश्रांती! आज सगळे ट्रॅकवर गाणार. त्या उत्सवमूर्ती आहेत, त्यांनी फक्त बसायचं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्का खुर्चीत बसल्या, हार घातलेल्या. मला वाटलं, कल्पना वाईट नाही. खरंच वाटलं.

मग गाणी सुरू झाली आणि मजा झाली. ट्रॅक म्हणजे रेकॉर्ड केलेली साथ, मूळ गाण्याच्याच पट्टीतली. तो कुणासाठी खाली येत नाही की थांबत नाही. डॉक्टरीणबाई अंतऱ्याला पोचल्या आणि आवाज जो चिरला तो चिरलाच. गाता गाता त्यांनी मान वळवून आक्कांकडं बघितलं, पाण्यात पाय सुटलेलं माणूस काठाकडं बघतं तसं. आक्का हार घालून खुर्चीत. मांडीवर त्यांची बोटं आपोआप दोन सूर खाली सरकली. तिथं पेटी नव्हती, नुसतं लुगडं होतं. एकामागून एक सगळे असेच किंचाळून खाली उतरले आणि प्रत्येकजण म्हणाला, आज घसा बरा नाही. नऊ वर्षं आपल्याला कोण सांभाळत होतं हे एकालाही उमगलं नाही. साहेबांनी तर दोन गाणी म्हटली आणि दोन्हीला ट्रॅक पुढं, साहेब मागं.

मग पाहुणे आले. आमच्या भागातून निवडणुकीला उभं राहायच्या तयारीतले एक पुढारी. त्यांचा सत्कार, मग त्यांचं भाषण. गाण्यावर एक शब्द नाही, गटारांवर पाऊण तास. घड्याळात सहा पंचवीस.

"मानपत्र घ्या," साहेब कानाशी म्हणाले आणि लाकडी चौकटीत बसवलेला कागद माझ्या हातात दिला. मी माईकवर गेले. वाचायला लागले. पहिल्या दोन ओळी माझ्या होत्या. तिसरी माझी नव्हती.

"आपण नेहमी वेळेआधी येऊन हॉल उघडलात, सतरंज्या अंथरल्यात आणि आपल्या हातच्या आल्याच्या चहाने आम्हा कलाकारांना ताजेतवाने ठेवलेत. आपल्या या निःस्वार्थ सेवेबद्दल..."

चहा. आक्का चहा करायच्या, कारण दुसरं कुणी उठायचं नाही. पुढच्या मजकुरात पेटी कुठंच नव्हती. मी ओळी डोळ्यांनी पुढं पुढं बघत होते आणि तोंडानं वाचत होते. पेटी नाही. गुरू नाही. पट्टी नाही. 'आम्हा कलाकारांना' मात्र दोनदा.

आणि मी थांबले नाही. माईक हातात होता, शंभर माणसं समोर होती, पाहुणे मान डोलवत होते, आणि माझं वाचन छान चाललं होतं. कार्यक्रम बिघडू नये, आपला उच्चार चुकू नये, एवढंच त्या वेळी डोक्यात. शिकल्याचा हा फायदा मला झाला. खाली अध्यक्षांची सही होती, ती पण वाचली.

टाळ्या झाल्या. आक्कांनी चौकट घेतली, कपाळाला लावली.

पावणेसातला मी म्हटलं, "आता आक्का गाणार आहेत."

साहेबांनी घड्याळ दाखवलं. "अहो ताई, फराळ राहिलाय. पाहुण्यांना पुढं जायचंय."

"त्यांना गायचंय. नऊ वर्षांत त्या एकदाही गायलेल्या नाहीत."

"मावशी गातात?" ते खरोखर चकित झाले होते. मग माईकमध्ये हसून म्हणाले, "वा वा! मावशी, दोन मिनिटं, दोन ओळी होऊन जाऊ देत. ट्रॅक कुठला लावू?"

लोक हसले. वाईट मनानं नाही. लहान मूल स्टेजवर आल्यावर हसतात तसं.

आक्का खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. मला वाटलं, गाणार. त्या माईकजवळ आल्याच नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "दोन मिन्टात माजं गाणं मावत न्हाय, सायेब. तुमी फराळ करा."

आणि कोपऱ्यात जाऊन त्यांनी पेटाऱ्यावरचे चकल्यांचे डबे उचलून खाली ठेवले.

पेटी आम्ही दोघींनी बाहेर आणली. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, करंजी तरी खाऊन जा की!" रिक्षात बसताना मी म्हटलं, "आक्का, ते मी लिहिलेलं नव्हतं."

"पण वाचलं तूच न्हवं?"

रिक्षा गेली.

क्लबाच्या ग्रुपवर त्याच दिवशी फोटो आले, सोहळा उत्साहात पार पडल्याबद्दल सर्वांचे आभार. पहिला फोटो पाहुण्यांचा. मी साहेबांना फोन लावला. म्हणाले, "तुमचा मजकूर छानच होता ताई, पण जरा जास्त होत होतं. गुरू वगैरे. आपल्याकडं संगीत विशारद झालेले सभासद आहेत, त्यांना काय वाटलं असतं? आणि सेवा हा काय लहान शब्द आहे का?"

म्हटलं, "मग तुमच्या निरोपाला तुमच्या मानपत्रात लिहू का, साहेब सतरंजी छान झटकायचे?"

त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या रविवारी मी हातकणंगल्याला गेले. माझं मूळ मानपत्र चांगल्या कागदावर छापून घेतलं होतं. आक्का लेकीच्या दारात बसून मेथी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, हातातली मेथी न थांबवता.

"झ्याक लिवलंयस."

"आता भजन म्हणा आक्का. मी ऐकायला आले आहे."

"तुला एकटीला?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "अगं, एकटीला म्हणायचं तर चुलीम्होरं रोज म्हणतेच की. मला समद्यांच्या म्होरं म्हणायचं हुतं. ते गेलं आता. आनि ह्यो कागद मला कशाला वाचून दावतीस? मी कोण हाय ते मला ठावं हाय. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी वाचून दाव."

मग म्हणाल्या, "च्या टाकू का?" आणि माझा चेहरा बघून खळखळून हसल्या. मला हसू आलं नाही. अजून येत नाही.

गुरुवारी पाच वाजता मी हॉलवर गेले. चहा कुणी केलेला नव्हता, त्यावर तक्रारी चालल्या होत्या. साहेब ट्रॅक जुळवत होते. मी पुढं जाऊन उभी राहिले आणि कागद उघडला.

"ताई, आज तुमचं नाव यादीत नाही," साहेब म्हणाले.

"नसू दे."

"तो विषय झाला आता. उगाच वातावरण बिघडवू नका."

मी पहिली ओळ वाचली. साहेबांनी ट्रॅकचा आवाज वाढवला. वाढवू देत. माझा आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाका मारून तयार झालेला आहे. मी दुसरी ओळ वाचली, आणि तिसरी. चौथ्या ओळीला डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी स्पीकरची पिन काढली. मी परत पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.